उकळूनही नको

मला चिनी वाचता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ह्यूस्टनच्या नैऋत्येला असलेल्या चिनी वस्तीत मी वीसेक वर्षं चिनी पाट्या बनवल्या हे कळलं की मराठी मंडळाच्या जेवणात लोक लगेच विचारतात, "म्हणजे तुम्हाला चायनीज येत असेल ना?" येत नाही. आणि जी भाषा येत नाही तिच्यात पाट्या करून सार्वजनिक जागी लावायच्या, हा प्रकार किती जीव टांगणीला लावणारा असतो, ते यंदा लिहून काढायचं ठरवलं आहे.

मी मूळची नागपूरची. वडील तिथल्या इंदोरा भागात पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, आणि चौदा एप्रिल जवळ आला की मिरवणुकीचे कापडी फलक. मीही उपयोजित कला शिकले. नवऱ्याला, मिलिंदला, तेल कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला आलो. माझं वर्क परमिट आलं तेव्हा ग्रेग नावाच्या एका गृहस्थाच्या साइन शॉपमध्ये जागा होती. ग्रेग टेक्सासचाच, उंच, कमी बोलणारा. त्यानं माझे नमुने पाहिले, उठून एक चिनी पाटी आणली आणि विचारलं, ही सरळ आहे की उलटी? मी म्हटलं, उलटी असावी, वजन वर आलंय. त्यावर त्यानं मला कामावर घेतलं.

हे मी विनोद म्हणून सांगत नाही. खांबावर पाटी चढवणारी माणसं बहुतेक मेक्सिकोची किंवा इथलीच. चिनी अक्षरांचं वर-खाली त्यांना कळत नसे. आमच्याकडच्या प्रत्येक चिनी पाटीच्या मागे वरच्या कडेला लाल बाण चिकटवलेला असायचा. तरीसुद्धा एकदा एका बागेत "गवतावर चालू नये" असं डोक्यावर उभं राहून आठवडाभर सांगितलं जात होतं.

त्या भागात एकाच पाटीवर इंग्रजी, स्पॅनिश, व्हिएतनामी आणि चिनी अशा चार भाषा बसवाव्या लागतात. व्हिएतनामीला अक्षरांच्या वर आणि खाली खुणा लागतात. त्या कापल्या गेल्या तर शब्द बदलतो. चिनीचं दुखणं निराळं. तैवान-हाँगकाँगकडून आलेल्या जुन्या लोकांना अक्षरं जुन्या पद्धतीची, भरगच्च हवी असतात. मुख्य चीनमधून नंतर आलेल्यांना सोपी केलेली. एक लावली की दुसरा गट फोन करतो. निवृत्त झालेले एक गृहस्थ तर एका टिंबासाठी तीन-चार वेळा आमच्या दुकानात येऊन बसले होते, आणि टिंब खरंच राहिलेलं होतं. शिवाय चिनीला जागा फार थोडी लागते. इंग्रजीच्या तीन ओळी तिथे एका ओळीत मावतात. त्यामुळे पाटी मागवणाऱ्याला वाटतं, तेवढीच जागा द्या, पुरे. त्या ओळीत काय राहिलं आणि काय गळलं, हे बनवणारी मी सांगू शकत नसे. मजकूर येईल तसा, एकेक रेघ ताडून उतरवायचा, एवढंच माझ्या हातात होतं. पाटी लागली की मी घरी येऊन स्वयंपाक करायची आणि डोक्यात तीच ओळ असायची.

आता त्या दिवसाबद्दल. उन्हाळा होता, दारातून गाडीपर्यंत जाईस्तोवर कपडे अंगाला चिकटावेत असा. इकडे शहराच्या हद्दीबाहेरच्या वस्त्यांना पाणी पुरवणाऱ्या छोट्या स्वतंत्र संस्था असतात. त्यातल्या एकीकडून सकाळी ग्रेगला फोन आला. एका मोठ्या इमारतीच्या कूलिंगच्या यंत्रणेत गंज चढू नये म्हणून घालतात ते रसायन उलट्या दाबानं पिण्याच्या पाण्याच्या पाइपमध्ये शिरलं होतं. एका भागाचं पाणी पिणं बंद करायचं होतं आणि त्या भागात निम्म्याहून जास्त वस्ती चिनी होती. पाट्या ताबडतोब हव्या होत्या. मजकूर चारही भाषांत तयार आला. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत होतं, नळाचं पाणी पिऊ नका. खाली रसायनाचं नाव, आणि उकळूनही पिऊ नका. उकळल्यानं हे रसायन जात नाही, पाणी आटतं आणि ते उलट जास्त दाट होतं. चिनीची एकच ओळ होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चिनी नेहमीच एका ओळीत मावायची.

दुपारपर्यंत पाट्या लागल्या. बाजाराच्या चौकात, देवळाबाहेर, बागेतल्या नळांवर, अपार्टमेंटच्या कचरापेट्यांजवळ. मी डबा उघडला आणि हेलनचा फोन आला.

हेलन त्या बाजारातल्या औषधांच्या दुकानाची मालकीण. स्वतः फार्मसिस्ट, मूळची तैवानची, माझ्याच वयाची. तिच्या दुकानाची पाटी मी केली तेव्हापासून आमची ओळख. हेलन कधी घाईनं बोलत नाही. त्या दिवशी ती नमस्कार न करताच म्हणाली, "सुनंदा, तुमच्या पाटीवर चिनीत काय लिहिलंय माहीत आहे? कच्चं पाणी पिऊ नका."

मी म्हटलं, बरोबर आहे ना मग, पाणी पिऊ नका.

"नाही. कच्चं पाणी म्हणजे न उकळलेलं. ही पाटी सांगते, उकळून प्या."

आपण कच्चं दूध म्हणतो तसं ते कच्चं पाणी. चिनी घरात तसंही नळाचं पाणी कोणी थेट पीत नाही. उकळून थर्मासमध्ये भरून ठेवायची पद्धत घरोघरी आहे. म्हणजे पाटी वाचून माणूस मान डोलावणार आणि नेहमीसारखं पाणी उकळणार. हेलननं तिच्या दुकानात आलेल्या दोघांना विचारलं होतं. दोघंही उकळलेलंच पीत होते.

मी संगणकावर जुनी कामं उघडली. मागे वादळानंतर त्याच संस्थेनं पाणी उकळून पिण्याच्या पाट्या केल्या होत्या. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या. रेघ न् रेघ तीच. कोणीतरी घाईत जुनीच चिनी ओळ उचलून नव्या इंग्रजीखाली ठेवली होती. 

पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्याला फोन लावला. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्यामागे फोनवर फोन वाजत होते. त्यानं विचारलं, इंग्रजी बरोबर आहे ना? बरोबर होतं. मग तो म्हणाला की चिनी दुरुस्ती अधिकृत भाषांतरकाराकडून मंजूर होऊन उद्यापर्यंत येईल, आणि तोवर लेखी परवानगीशिवाय पाट्यांना हात लावू नका. मी त्याला सांगितलं की लोक आत्ता, या घटकेला उकळून पीत आहेत. तो म्हणाला, फोनवर अलर्ट गेलेला आहे. अलर्ट इंग्रजीत होता.

ग्रेग माझ्यामागे उभा राहून हे ऐकत होता. सरकारी पाटीवर परवानगीशिवाय काही चिकटवलं तर कंत्राट जाणार, आणि दुकानातल्या सगळ्यांच्या नोकऱ्या त्याच कंत्राटावर चालत होत्या.  मला वाटलं, आता हा थांब म्हणणार. मी थांबले असते का, हे मला अजूनही ठाऊक नाही. शेवटी त्यानं विचारलं, "ती फार्मसिस्ट बरोबर मजकूर लिहून देईल?"

हेलननं हातानं लिहून फोटो पाठवला: नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको. दोन्ही पद्धतींच्या अक्षरांत. तिनं ते बाजारातल्या आणखी दोघांना वाचायला लावलं होतं. ग्रेगनं स्वतः मशीनवर पिवळ्या व्हिनाइलचे स्टिकर छापले आणि कापले. मी माझ्या गाडीनं अपार्टमेंटकडे निघाले, तो ट्रक घेऊन बागांकडे.

हेलननं दुकान बंद केलं आणि चौकात माझ्या गाडीत बसली. पाटी आली की मी उतरून जुन्या ओळीवरची धूळ पुसायची, तिच्यावर स्टिकर लावायचा, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची. लोक थांबून ऐकत, मग चेहरा बदले, मग फोन काढून घरी बोलत. एक बाई पिशव्या तिथेच टाकून जिन्याकडे धावल्या.  एका मोठ्या अपार्टमेंटच्या कचरापेटीजवळ मी स्टिकर दाबत होते, तेव्हा हेलनशी बोलणारी एक शेजारीण वर बोट दाखवत काहीतरी म्हणाली. हेलननं माझा दंड धरला.

"दुसऱ्या मजल्यावर बाळंतीण आहे."

आम्ही जिना चढलो. या रसायनाचा सगळ्यात मोठा धोका तान्ह्या बाळाला, हे हेलनला माहीत होतं. रक्तातला प्राणवायूच कमी होतो, ती चढता चढता सांगत होती. दार एका आजींनी उघडलं. ठेंगणी मूर्ती, केस मागे घट्ट बांधलेले, हातात ओला रुमाल. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या चीनहून आल्या होत्या. आपल्याकडे सव्वा महिना, तसा त्यांच्याकडे पूर्ण महिना. बाळंतिणीनं बाहेर पडायचं नाही, गार काही प्यायचं नाही, अंगाला वारा लागू द्यायचा नाही. त्या उकाड्यातही खिडक्या बंद होत्या. घरात आल्याचा वास होता. आंघोळीचं पाणीसुद्धा आलं घालून उकळलेलं.

लेकीचं नाव लिली. ती आतल्या खोलीत गळाबंद कपड्यांत पडून होती. बाळंतिणीनं डोळ्यांना ताण द्यायचा नसतो म्हणून आजींनी तिचा फोन कपाटात ठेवून दिला होता. नवरा कामासाठी डॅलसला. इंग्रजी अलर्ट त्या कपाटात वाजून गेला होता.

हेलननं आधी बाळाला पाहायचं म्हटलं. लिलीला दूध पुरेसं येत नव्हतं, वरचं पावडरचं दूध चालू होतं. बाळ आजींच्या खाटेवर झोपलं होतं. मी वाकून बघितलं तर ओठ काळपट दिसले. मला वाटलं, पडदे बंद आहेत म्हणून. हेलननं पडदा ओढला. ओठ निळे होते. नखंही. ती त्याच्या तळपायाला टिचक्या मारत होती आणि ते नीट रडतसुद्धा नव्हतं.

मी अँब्युलन्सला फोन लावला. पत्ता सांगताना माझं इंग्रजी तुटत होतं, इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आजी हेलनच्या मागेमागे फिरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मग त्यांनी टेबलावरचा मोठा थर्मास उचलून आमच्यासमोर धरला, झाकण काढून वाफ दाखवली. हेलन त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "त्या म्हणतायत, मी मघाशी खाली पाटी वाचली. म्हणून आज पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ उकळलं."

अँब्युलन्स लवकर आली. हेलननं त्या माणसांना रसायनाचं नाव सांगितलं, त्यामुळे हॉस्पिटलमध्ये पोचण्याआधीच तिथे औषध तयार होतं. लिली अँब्युलन्समध्ये बसली. आजींना आम्ही मागून माझ्या गाडीत नेलं. थर्मास त्यांनी सोबत घेतला होता, डॉक्टरांना दाखवायला.

तिथल्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या होत्या आणि एसी एवढा गार की आजी कुडकुडत होत्या. मी माझी ओढणी दिली. दरम्यान लिलीच्या नवऱ्याचा फोन आला. तो आजींशी वरच्या आवाजात बोलला, पलीकडून शब्द कळत नसले तरी सूर कळत होता.  फोन ठेवून आजींनी हेलनला काहीतरी विचारलं, आणि हेलन माझ्याकडे वळली.

मी म्हटलं, काय विचारतायत?

"मी चुकीचं वाचलं का, असं विचारतायत."

ग्रेगचा मला तासाभरापूर्वीच मेसेज आला होता. पाणी संस्थेच्या वकिलांनी सांगितलं होतं की पाटीत चूक होती असं कोणाशीही बोलायचं नाही. हेलनलाही मी ते दाखवलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. समोर एक शहाणी, लिहितावाचता येणारी बाई होती. पाटी वाचून तिनं तंतोतंत तसंच केलं होतं. आणि ती आता समजत होती की नातवाला आपण विष पाजलं.

मी म्हटलं, "त्यांना सांग, तुम्ही बरोबर वाचलंत. पाटी चुकीची होती. आणि ती मी बनवली."

हेलननं सांगितलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावतील, निदान तोंड फिरवतील म्हणून मी मनाची तयारी केली होती. त्यांनी विचारलं, आता बरोबर केली का? हेलननं सांगितलं, स्टिकर लावले आहेत, सगळीकडे. आजींनी मान हलवली आणि त्या जरा रागानंच म्हणाल्या, "बाळंतिणी खाली येत नाहीत. तुमची पाटी कोण वाचणार?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं पाट्या केल्या, कुठे लावायची, किती उंच, कोणत्या रंगात, सगळा विचार केला. पण जो घराबाहेरच पडत नाही त्याच्यासाठी पाटी नसतेच. आजारी, म्हातारे, बाळंतिणी. आजींच्या बोलण्यावरून कळलं की त्याच अपार्टमेंटमध्ये आणखी एक-दोन घरी तान्ही बाळं आहेत.

आजी हॉस्पिटलमध्ये थांबल्या. आम्ही परत निघालो. गाडीत हेलननं मला एक वाक्य पाठ करून घेतलं. जू खाय, ये बू नंग ह. उकळूनही पिऊ नका. ती म्हणायची, मी म्हणायचे, ती डोकं हलवायची. चिनीत सूर चढला-उतरला की अर्थ बदलतो, आणि माझा प्रत्येक सूर नागपूरचा लागत होता. मला भीती वाटत होती की मी तोंडानंही चुकीचीच पाटी वाचून दाखवणार.

संध्याकाळ व्हायच्या आत सगळी दारं व्हायला हवी होती, म्हणून तिनं एक बाजू घेतली, मी दुसरी. दार वाजवायचं, वाक्य म्हणायचं, स्टिकर हातात द्यायचा. काही दारं उघडली नाहीत. एका दारात एका मुलीनं मला चक्क इंग्रजीत उत्तर दिलं आणि आत ओरडून आईला सांगितलं. एका दारात एक म्हातारे गृहस्थ होते. मी वाक्य म्हटलं. त्यांना कळलं नाही. पुन्हा म्हटलं. त्यांनी स्टिकर हातात घेतला, वाचला, माझ्याकडे पाहून तेच वाक्य हळूहळू, बरोबर सुरात म्हणून दाखवलं आणि मी ते त्यांच्यामागून म्हटलं. मग ते आत गेले आणि किटली सिंकमध्ये ओतल्याचा आवाज आला.  रडू आलं, पण पुढची दारं होती.

दुसरी बाळं ठीक होती. त्यांच्याकडे बाटलीचं पाणी होतं. शेवटच्या मजल्यावर आम्ही पुन्हा भेटलो तेव्हा हेलनचा फोन वाजला. लिली होती. बाळाचा रंग परत आला होता, ते मोठ्यानं रडत होतं आणि फोनवर आम्हाला ते ऐकू येत होतं.

नंतर बैठका झाल्या. वकिलांनी मला विचारलं की सांगू नका म्हटलेलं असताना हॉस्पिटलमध्ये ते का सांगितलं. मी म्हटलं, त्या विचारत होत्या.  त्या संस्थेची कामं काही महिने माझ्याकडून काढून घेतली. कंत्राट टिकलं, आणि ग्रेगनं मला नोकरीवर ठेवलं. पुढे त्या संस्थेनं नियम केला की आणीबाणीची कुठलीही पाटी लागण्याआधी ती भाषा बोलणाऱ्या, त्याच वस्तीत राहणाऱ्या दोघांनी वाचायची. यादीत पहिलं नाव हेलनचं. मी निवृत्त होईपर्यंत तो नियम पाळला गेला. अजून पाळला जातो का, हे मी मधूनमधून ग्रेगला विचारते. तो म्हणतो, अगं, आता तरी झोप.

बाळाला महिना झाला तेव्हा हेलननं मला तिच्या दुकानात बोलावलं. महिना भरला की ते लोक लाल रंगवलेली उकडलेली अंडी वाटतात, आपल्याकडे बारशाच्या घुगऱ्या वाटतात तसं. लिली बाळाला घेऊन आली होती. गोबरं, तांबूस, रागीट चेहऱ्याचं बाळ. आजींनी दोन्ही हातांनी मला अंडी दिली आणि माझी ओढणी धुऊन, घडी करून परत केली. त्या पुढच्या आठवड्यात चीनला परत जाणार होत्या.

लिली मला बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाली की आई आता वाचलेल्या पाटीवर विसंबतच नाही. दुकानातली, बसवरची, औषधाच्या बाटलीवरची, कोणतीही असो, आधी मला विचारते, हे खरं आहे का. गावी त्या शाळेत शिक्षिका होत्या. आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवलं होतं.

 मी अंडी पर्समध्ये ठेवली. लिली बाळाला घेऊन गाडीकडे गेली, हेलन आत गिऱ्हाइकाला औषध समजावून सांगत होती, आणि आजी माझ्यासोबत दारात उभ्या राहिल्या. पार्किंगमध्ये खांबावर एक नवी पाटी लागलेली होती, आमच्या दुकानाची नव्हे. चिनी, तीन ओळी. आजींनी तिच्याकडे बोट केलं, माझ्या बाहीला धरून हलकेच ओढलं आणि काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत तरी प्रश्न कळला. त्यांना ती पाटी वाचता येत होती. मला येत नव्हती. मी हातानं खूण केली की थांबा, हेलनला येऊ द्या. आजींनी मान डोलावली. मग आम्ही दोघी तिथेच, त्या पाटीकडे बघत, हेलनची वाट पाहत उभ्या राहिलो.